‘नमणे’ आणि ‘नमवणे’ : ख्रिस्ती नम्रतेच्या मराठी शब्दकळेचा विचार

१८९३ साली राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांची एका परदेशी सहप्रवाशाशी गाठ पडली. हा प्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मंडळीचे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड. त्यांनी टिळकांना बायबल वाचावयाचा आग्रह केला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला; भाकीत खरे ठरले. ही कथा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तीतील एका गोष्टीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष गेले आहे. वॉर्ड ज्या मंडळीचे होते तिच्याच वऱ्हाडातील कार्याचे यवतमाळ हे पुढे प्रमुख केंद्र झाले. १९५३ साली तेथे युनियन बिब्लिकल सेमिनरीची स्थापना झाली आणि १९८३ साली ती पुण्यास जाईपर्यंत तीन दशके यवतमाळ हे धर्मोपदेशकांच्या शिक्षणाचे ठिकाण राहिले. कोकणात जन्मलेल्या, नाशिक-नगर परिसरात वावरलेल्या एका कवीच्या धर्मांतराचा धागा अशा रीतीने यवतमाळच्या मंडळीशी जुळतो.

टिळकांवर पहिला खोल परिणाम झाला तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाचा. धर्मसिद्धान्ताची चर्चा, चमत्कारांची कथा, त्रैक्याचे गूढ ह्यांपैकी कशानेही नव्हे, तर अपमान करणाऱ्याशी कसे वागावे, वैऱ्याशी कोणते नाते ठेवावे, हे सांगणाऱ्या तीन प्रकरणांनी हा संस्कृतज्ञ ब्राह्मण खिळून गेला. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या सर्वांत समृद्ध कालखंडाच्या मुळाशीच प्रतिशोध टाकून नम्रता पत्करण्याचा प्रश्न उभा आहे. हा प्रश्न नीतिशास्त्राचा खराच. परंतु तो भाषेचाही आहे. ज्या गोष्टीचा उपदेश करावयाचा ती मराठीत कोणत्या शब्दाने बोलावयाची, हे ठरल्यावाचून उपदेश ऐकणाऱ्याच्या कानापलीकडे जात नाही.

प्रचलित मराठी बायबलात ह्या अर्थक्षेत्राचा भार मुख्यतः तीन विशेषणे वाहतात: दीन, सौम्य आणि लीन. तिन्ही संस्कृतातून आलेली, तिन्ही शिष्ट. आणि तिन्हींत काही ना काही अडचण आहे. ‘दीन’ हा शब्द घ्यावा तर त्याच्या पोटी ‘दैन्य’ आहे. संस्कृत परंपरेत दैन्य हा गुण नव्हे, उणीव आहे. आणि मराठीत दीन म्हणजे ज्याची कीव यावी असा. ‘सौम्य’ हा शब्द स्वभावाचा आहे. औषध सौम्य असते, ऊन सौम्य असते, एखादा मनुष्य जन्मतःच सौम्य असतो. जो जन्मतः सौम्य आहे त्याने परत न मारण्यात काय मिळविले? मूळ ग्रीक ‘प्राउस’ ह्या शब्दात आवरलेल्या शक्तीची छटा पुष्कळ भाष्यकारांनी दाखविली आहे. ती ‘सौम्य’ ह्या मराठी शब्दात शोधूनही सापडत नाही.

‘लीन’ ह्या शब्दाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. ज्या ग्रीक शब्दाच्या जागी तो सामान्यतः येतो तो ‘तापेइनोस’ अभिजात ग्रीकमध्ये बहुधा निंदाव्यंजक होता. त्याचा अर्थ खालचा, हलका, दास्यवृत्तीचा. ख्रिस्ती लेखकांनी तो उचलला आणि त्याचे मूल्य उलटे केले. ग्रीक वाचकाला ह्या शब्दापाशी धक्का बसत असला पाहिजे. मराठी वाचकाला ‘लीन’ ह्या शब्दापाशी धक्का बसत नाही, उलट ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटते. ‘ली’ ह्या धातूत विरघळण्याचा, मिसळून जाण्याचा अर्थ आहे, आणि शतकानुशतके हा शब्द देवाच्या व सद्गुरूच्या चरणांपाशी वापरला गेला आहे. भाषांतरकारांना तयार भक्तिरस मिळाला, ही मोठीच सोय झाली. पण तिची किंमतही पडली. मराठीत मनुष्य लीन होतो तो आपल्याहून थोर असणाऱ्यापुढे. देवापुढे, गुरुपुढे, वडिलांपुढे लीन होणे हे सुखाचे आहे. ज्याने भर चारचौघांत मुस्काटात मारली त्याच्यापुढे लीन व्हावे असे वाक्य मराठीत विचित्र वाटते, किंबहुना लाचारीचे वाटते. डोंगरावरील प्रवचन मात्र नेमके त्याच्याविषयी बोलत आहे.

येथे एक जुना व्याख्याविषयक मुद्दा उपयोगी पडतो. मत्तयाच्या पाठात गाल उजवा असे स्पष्ट म्हटले आहे. उजव्या हाताने मारणाऱ्याचा तडाखा समोरच्याच्या उजव्या गालावर बसावयाचा तर तो हाताच्या पालथ्या बाजूने मारलेला असला पाहिजे, आणि तसा तडाखा इजेपेक्षा अपमानासाठी असतो, असे विवेचन अनेक अभ्यासकांनी केले आहे. हे मान्य केले तर प्रश्न प्राणसंकटाचा राहत नाही, अब्रूचा होतो. मराठी समाजाला हा प्रश्न समजावून सांगावयास नको. मुस्काटात खाणे आणि काठी खाणे ह्यांतला भेद आपल्याकडे पोरासोरांनाही कळतो.

शिष्ट विशेषणे सोडून बोलीतील क्रियापदांकडे वळले की चित्र पालटते. वैर आणि परतफेड ह्यांसाठी मराठीत वापरले जाणारे शब्दप्रयोग पाहावेत: सूड उगवणे, वचपा काढणे, उट्टे काढणे, पांग फेडण्याच्या नेमकी उलट अशी परतफेड करणे. ह्या प्रयोगांतील बहुतेक क्रियापदे हिशेबाची आहेत. काही येणे आहे, ते काढावयाचे, फेडावयाचे. सूड तर पेरलेल्या दाण्यासारखा उगवतो. सूड घेणाऱ्याला आपण काही नवीन करतो आहोत असे वाटत नाही. तो खाते पुरे करीत असतो. ह्याच्या समोर ‘नमते घेणे’, ‘पडते घेणे’ हे प्रयोग ठेवावेत. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद मराठीत क्रिया कर्त्याकडे वळविते: समजून घेणे, सोसून घेणे, ओढवून घेणे. ‘नमते घेणे’ ह्यात वाकणे कोणी लादलेले नाही; कर्त्याने ते आपल्या हाताने आपल्याकडे घेतले आहे. ‘नम्र’ आणि ‘सौम्य’ ह्या विशेषणांत न मावलेली निवड ह्या एका सहायक क्रियापदात मावते. वऱ्हाडात दोन भावांच्या धुऱ्याच्या भांडणात मध्यस्थ म्हातारा ज्याला ‘तू नमतं घे’ असे सांगतो तो बहुधा दुबळा भाऊ नसतो. ज्याला लढणे परवडते त्यालाच तसे सांगण्यात अर्थ असतो.

ह्याच धातूचे प्रयोजक रूप ‘नमवणे’. एका प्रत्ययाने नीती बदलते. नमणारा कर्ता असतो. नमवला जाणारा कर्म असतो. ख्रिस्ती नम्रतेविषयी जेवढे आक्षेप आजवर घेतले गेले, त्यांत नीत्शेने १८८७ साली ‘नीतीच्या वंशावळी’वर लिहिलेल्या ग्रंथातील गुलामांच्या नीतीचा आरोप सर्वांत गाजलेला, त्यांतील पुष्कळांचा सारांश असा सांगता येईल की ‘नमवणे’ ह्या क्रियेला ‘नमणे’ हे नाव दिले जात आहे. आक्षेप पोकळ नाही. ज्याला परत मारण्याचे सामर्थ्यच समाजाने ठेवलेले नाही, त्याच्यापुढे दुसरा गाल करण्याचे प्रवचन करणे हा उपदेश आहे की बंदोबस्त आहे? विदर्भातील मिशनांच्या मंडळ्यांत गावकुसाबाहेरून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. पिढ्यान्‌पिढ्या नमविल्या गेलेल्यांच्या कानी ‘लीन व्हा’ हे शब्द पडले तेव्हा त्यांत त्यांनी नवे काय ऐकले असेल, हा प्रश्न व्यासपीठावरून फारसा विचारला गेलेला नाही. १९५६ साली नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी जो मार्ग दाखविला त्यात करुणा आणि मैत्री ह्यांना स्थान होते, परंतु स्वाभिमान प्रथम होता. हा क्रम ख्रिस्ती उपदेशकानेही मनावर घेण्यासारखा आहे, कारण ज्याची मान ताठ होऊ शकते त्याच्याच वाकण्याला नमणे म्हणता येते.

वाङ्मयात ह्या भेदाची कसोटी पाहावयाची तर ‘स्मृतिचित्रे’सारखा दुसरा ग्रंथ नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ ते १९३६ ह्या काळात भागशः प्रसिद्ध झाले. त्यातील शब्दकळेचा, बोलीच्या लयीचा, विनोदाचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो रास्तच आहे. पण आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार वचपा काढण्यास अत्यंत सोयीचा असतो, ही गोष्ट ध्यानी घेऊन हा ग्रंथ वाचला पाहिजे. ज्यांनी छळले ते बहुधा मृत असतात. लेखणी आपल्या हाती असते. वाचक आपल्या बाजूचा असतो. लक्ष्मीबाईंपाशी येणे किती होते! सोवळ्याच्या वेडाने घर हैराण करणारे वडील, कठोर सासरे, आणि घरदार वाऱ्यावर टाकून हवे तेव्हा निघून जाणारा, क्षणात संतापणारा नि क्षणात पाघळणारा, शेवटी पत्नीला मागे ठेवून धर्म बदलणारा पती. त्या धर्मांतराने तिच्या वाट्याला सधवेचे वैधव्य आले. ती सुमारे पाच वर्षे दूर राहिली आणि १९०० साली, जातिभेदाचा गुंता स्वतःच्या विचाराने सोडविल्यानंतरच, तिने बाप्तिस्मा घेतला.

ह्या साऱ्याचा हिशेब ग्रंथात कसा मांडला आहे? मराठीत दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी राहतात: ‘पोटात घालणे’ आणि ‘पोटात ठेवणे’. अपराध पोटात घालतो तो क्षमा करतो. गोष्ट पोटात ठेवतो तो ती दडवून ठेवतो, आणि दडवलेले पुढे कधी तरी बाहेर येते. बाहेरून दोन्ही मौनेच. उपदेशाच्या वाङ्मयात ह्या दोहोंची सतत गल्लत होते. मुकाट राहिला तो नम्र, असे गृहीत धरले जाते. लक्ष्मीबाई ह्यांपैकी काहीच करीत नाहीत. त्या बोलून टाकतात. पतीचा विक्षिप्तपणा, वडिलांचे सोवळे, आपली स्वतःची फजिती, सगळे उघड्यावर मांडले जाते, आणि मांडताना त्यातील विष विनोदाने उतरते. ‘टाकणे’ हेही मराठीचे एक विलक्षण सहायक क्रियापद आहे; त्यात क्रिया पुरी झाल्याचा नि ओझे उतरल्याचा भाव आहे. ह्या ग्रंथात तक्रार आहे, फिर्याद नाही. वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसविण्याचा मोह लेखिकेने टाळला आहे. पतीवर रागावलेला वाचक पुढल्याच पानावर त्याच्यावर लुब्ध होतो, आणि हे घडविणारी लेखणी तिचीच आहे.

तथापि येथे टीकेला थोडे थांबावे लागते. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला क्षमाशील म्हणून मोकळे होणे सोपे आहे. १८६८ साली जन्मलेल्या, लहानपणी लग्न झालेल्या स्त्रीला दुसरे कोणते शस्त्र उपलब्ध होते? जिथे पत्नीने सोसणे हाच धर्म होता तिथे तिचे सोसणे नम्रतेच्या खाती जमा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विनोद कधी कधी ‘पोटात ठेवणे’चाच सुसंस्कृत प्रकार असतो, हेही खरे. परंतु ह्या आक्षेपाला ग्रंथाच्या रचनेतच उत्तर आहे. लिहावयास बसली ती नमविली गेलेली मुलगी नव्हे. ती दुष्काळातील अनाथ मुले घरी वाढविलेली, पतीच्या पश्चात उभी राहिलेली, मराठी साहित्यात मान्यता पावलेली साठी उलटलेली बाई होती. सोसले त्या काळी निवड नव्हती. लिहिले त्या काळी होती. ग्रंथातील नम्रता जगण्यात शोधू नये, कथनात शोधावी. हिशेब चुकता करण्याचे सामर्थ्य हाती आल्यावर तिने तो केला नाही. प्रवचनकार ह्या पुस्तकातले प्रसंग दाखल्यांसाठी उचलतात तेव्हा हा भेद हरवतो आणि पतीचे लहरीपण सोसणारी आदर्श ख्रिस्ती पत्नी तेवढी उरते. ग्रंथावर ह्याहून मोठा अन्याय नाही.

टिळकांच्या स्वतःच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. स्वकीयांनी टाकलेल्या मनुष्याला स्वकीयांचा द्वेष करण्याची सोय नव्या धर्माने आयती दिली होती, आणि एकोणिसाव्या शतकातील खंडनमंडनाच्या वाङ्मयात ती सोय अनेकांनी वापरली. टिळकांनी उलट तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले. अभंग हा छंद, संतांची संबोधने, देशप्रेमाची भावना हे सगळे घेऊन ते ‘ज्ञानोदया’त लिहीत राहिले. बाप्तिस्म्यानंतर बारा वर्षांनी, १९०७ साली, जळगावच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ह्यात त्यांच्या काव्यगुणांइतकाच ह्या वृत्तीचा वाटा मानला पाहिजे. मात्र काव्यभाषेपुरते बोलावयाचे तर त्यांच्या भक्तिपर रचनांत नम्रता बहुतांशी देवाकडेच वळलेली आहे. ‘लीन’ ह्या शब्दाचा जुना ओघ तेथे जोरकस आहे. वैऱ्यापुढील नम्रतेला त्यांनी आचरणात जेवढी जागा दिली तेवढी शब्दांत दिलेली दिसत नाही. पत्नीचे बोलके गद्य ज्या ठिकाणी सहज पोचते तिथे पतीचे शिष्ट पद्य अडते, ही गोष्ट केवळ गद्यपद्याच्या भेदाने उलगडत नाही. विशेषणांची भाषा आणि क्रियापदांची भाषा ह्यांतला हा भेद आहे.

संतपरंपरेत वैऱ्यापुढील नम्रता मुळीच नाही असे समजणे अर्थात चुकीचे ठरेल. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर पुन्हापुन्हा थुंकणाऱ्या माणसाची परंपरेने सांगितलेली कथा सर्वश्रुत आहे. नाथ दर वेळी परत फिरून स्नान करतात. पण ही कथा आपण सांगतो ती नाथांच्या शांतीची, म्हणजे पुन्हा एका सौम्य स्वभावाची, महात्म्याची कथा म्हणून. सामान्य मनुष्याला त्यातून सुटका मिळते: ते नाथ होते, आपण नव्हे. डोंगरावरील प्रवचनाची कठोरता अशी की तेथे श्रोता कोळी, शेतकरी, मजूर आहे. त्याला ही सवलत नाही. वर्धा नदीच्या पलीकडे सेवाग्रामला राहून त्याच प्रवचनाचा आदर करणाऱ्या गांधींनी अहिंसा दुबळ्याची आणि अहिंसा समर्थाची असा भेद केला, तोही ‘नमवणे’ आणि ‘नमणे’ ह्यांतलाच भेद होय.

ह्या भेदाची सर्वांत धारदार साक्ष पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आहे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर थोड्याच काळात त्यांचा त्यांच्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डिनशी, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाद सुरू झाला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. रमाबाईंनी आपल्या सदसद्विवेकाचा हक्क सोडण्यास नकार दिला. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील वडीलधाऱ्यांच्या पत्रांत रमाबाईंना अहंकाराचा दोष वारंवार दिला गेला आहे आणि नम्रतेची शिकवण वारंवार केली गेली आहे. उत्तर देणारी विशी-पंचविशीतली, परक्या देशात आश्रित असलेली विधवा आहे. ती उर्मट नाही; ती कृतज्ञता विसरत नाही; पण नमवली जाण्यास ती तयार नाही. तिच्या टीकाकारांना तिच्या ख्रिस्तभक्तीत आणि ह्या ताठपणात विसंगती दिसली. ती खरोखर होती काय? योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, महायाजकापुढील चौकशीत, शिपाई ख्रिस्ताच्या तोंडात मारतो तेव्हा ख्रिस्त दुसरा गाल पुढे करीत नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाही तर का मारतोस, अशा आशयाचा सवाल तो करतो. प्रतिशोध नाही, आणि मौनही नाही. रमाबाईंची पत्रे ह्या सवालाच्या जातीची आहेत.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ह्याच रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. त्यांना संस्कृतप्रचुर पंडिती मराठी नको होती. अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी सोपी भाषा हवी होती. संस्कृतातील पांडित्यासाठी कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेल्या विदुषीने आपले संस्कृत बाजूला ठेवावे, ह्याला ‘नमते घेणे’ हा बोलीतला प्रयोगच शोभतो. १९२२ साली त्या वारल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर आले. मंडळ्यांत मात्र ते रुजले नाही. व्यासपीठांवर जुनी शिष्ट आवृत्तीच चालू राहिली, आणि तिच्याबरोबर दीन, सौम्य, लीन हे तीन शब्दही. यवतमाळच्या दक्षिणेकडील तालुक्यांत, जिथे घरी कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्याला मराठी ही दुसरी भाषा असते, तिथे हे तिन्ही शब्द ऐकणाऱ्याला बाजारात कोठेच भेटत नाहीत. ‘जाऊ दे ना बापा’ हे मात्र दर बाजारी ऐकू येते.